रुखवत कसलं भरताय?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, आणि जरा चिडूनच लिहिते आहे. आमच्या नातेवाइकांपैकी काहीजण हे वाचतील आणि म्हणतील, "मावशीने आम्हालाच टोमणे मारलेत." टोमणे नाहीत हो, सरळ बोलणं आहे. आणि ते फक्त तुम्हाला नाही. इंदापुरात आणि आमच्या बारामतीत अशी घरं आता बरीच झाली आहेत, म्हणून चारचौघांत लिहिते.

विषय असा. माझ्या इंदापूरच्या भाचीची मुलगी या ऑगस्टमध्ये वर्षभरासाठी जर्मनीला निघाली आहे. रोटरीची यूथ एक्स्चेंज नावाची योजना आहे, त्यातून. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साधारण पंधरा ते अठरा-एकोणीस वर्षांची मुलं शाळेचं एक वर्ष दुसऱ्या देशात काढतात. तिथल्या शाळेत जातात आणि हॉस्टेलवर न राहता तिथल्या कुटुंबांत राहतात. बहुतेक वेळा वर्षभरात दोन-तीन घरं बदलतात. विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा हा खर्च आपला. राहणं-जेवण त्या कुटुंबांचं. आणि त्याबद्दल त्या कुटुंबांना कुणीही पैसे देत नाही. एक पैसाही नाही. हे लक्षात असू द्या, पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे.

मुलीची निवड झाली तेव्हा मला फार आनंद झाला. मी इंदापूर तालुक्यात आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. माझ्या पहिल्या वर्गातल्या कितीतरी मुली मॅट्रिकच्या आधीच सासरी गेल्या. काहींच्या लग्नाच्या पंगतीत मी जेवले आहे, घास गिळवत नसताना. त्याच तालुक्यातली मुलगी शाळा शिकायला जर्मनीला जाते म्हटल्यावर ऊर भरून येणारच.

मग भाचीचा फोन आला. "मावशी, तिकडच्या लोकांना द्यायच्या वस्तूंची यादी केलीय. तू एकदा नजर टाक ना." यादी व्हॉट्सॲपवर आली. चांदीचा मुलामा दिलेले गणपती, तीन नग. संगमरवरी ताजमहाल, आत दिवा लागणारा. घरच्या बाईंना पैठणी. घरच्या पुरुषाला कोल्हापुरी फेटा आणि जाकीट. पेढे दोन किलो, बर्फी दोन किलो, घरचं तूप. मोरपिसांचा पंखा. देव्हाऱ्यातली जुनी शिवराई चौकटीत बसवून. आणि सगळ्यात शेवटी, "तिकडच्या आजींना शाल."

मी विचारलं, "तिकडे आजी आहेत का?"

"असेलच ना गं कुणीतरी, मावशी."

असेलच कुणीतरी! म्हणजे पन्नास-साठ हजारांची खरेदी ठरली, पण ज्यांच्यासाठी ठरली ती माणसं किती, कोण, काय करतात, हे कुणी विचारलेलंच नाही. आणि हे विचारायला आता पोस्टाची वाट पाहावी लागत नाही. पहिल्या कुटुंबाचा पत्ता आणि ईमेल महिनाभर आधीच हातात आला होता.

ती यादी वाचताना मला सारखं वाटत होतं की ही आपण कुठेतरी पाहिली आहे. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना लक्षात आलं. अहो, हे रुखवत आहे! सासूची साडी, सासऱ्यांचा फेटा, आजेसासूची शाल, देव, मिठाई. काही राहिलंय का? मुलगी शाळेत निघाली आहे आणि आपण तिला नांदायला पाठवल्यासारखी पाठवणी करतो आहोत.

तुम्ही म्हणाल, बाईंना सगळीकडे तेच दिसतं. तर ऐका. दोन वर्षांपूर्वी आमच्याच नात्यातला एक मुलगा अशाच योजनेतून अमेरिकेला गेला. त्याच्या बॅगेत यजमानांसाठी काय होतं? चिवड्याचे चार पुडे आणि एक सोलापुरी चादर. उरलेल्या जागेत त्याचे बूट. तेव्हा कुणालाही "कमी दिसेल" असं वाटलं नाही. उलट, "पोरगं आहे, राहील कसंही" म्हणून सगळे हसले. मुलगी निघाली तर मात्र पैठणी. या फरकाचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

भाचीने दिलं म्हणा. खरं उत्तर दिलं, म्हणून तिच्यावर रागावता येत नाही. म्हणाली, "मावशी, परक्यांच्या घरी वर्षभर राहणार आहे ती. चांगलं दिलं-घेतलं तर जीव लावतील."

हेच ते. या सगळ्या चकचकीत वस्तूंच्या तळाशी आईची भीती आहे. मुलीला नीट वागवावं म्हणून आधीच हातावर काहीतरी ठेवायचं. आपल्याकडच्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. आणि मी डोळ्यांनी पाहिलंय की ज्या घरात मुलीला छळायचं होतं त्या घराने भांड्यांचे संच मोजून घेऊन छळलं, आणि ज्यांना जीव लावायचा होता त्यांनी साध्या नारळावरही लावला. देण्याघेण्याने माणसं चांगली झाल्याचं एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मुलीच्या काळजीसाठी दुसऱ्या गोष्टी असतात. या योजनेत प्रत्येक मुलाला तिकडच्या क्लबकडून एक समुपदेशक दिलेला असतो आणि तो यजमान कुटुंबातला नसतो. मुद्दामच नसतो, म्हणजे घराबद्दलची तक्रार घराबाहेरच्या माणसाला सांगता यावी. घर जमत नसेल तर ते बदलून मागता येतं. मी भाचीला आणि जावयांना विचारलं, "त्या समुपदेशकाचं नाव काय? फोन नंबर पाठ आहे का पोरीला?" दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. पैठणीचा रंग ठरला होता, नंबर माहीत नव्हता! तो नंबर पाठ करून घ्या. एका कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरात घाला. "नाही" म्हणायला आणि "मला इथे बरं वाटत नाही" म्हणायला जर्मन भाषेत शिकवा. ही तिची शिदोरी. ती द्यायची सोडून तुम्ही ताजमहाल देताय.

आता ताजमहालाचं. पोरगी अजून आग्र्याला गेलेली नाही. बसल्या जागी जर्मन माणसाने विचारलं की बाळ, हे तुझ्या घरापासून किती लांब, तर ती काय सांगणार? तिच्या घरापासून जवळ आहे ती मालोजीराजांची गढी. जवळ आहे उजनीचं पाणी, ज्याच्याखाली जुनं पळसदेव गेलं. उन्हाळ्यात धरण आटलं की तिथलं जुनं देऊळ वर येतं आणि आपण सगळे ते बघायला जातो. जवळ आहे भिगवण, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ज्यांना ती फ्लेमिंगो म्हणते. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीला धोतरांच्या पायघड्या घालतात आणि भोवती मेंढ्यांचं रिंगण धावतं, ते तिने लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पाहिलं आहे. याबद्दल ती अर्धा तास बोलेल. पण हे "भारत" वाटत नाही ना आपल्याला! भारत म्हणजे हत्ती, उंट आणि संगमरवर. आपणच आपल्या तालुक्याला भेट देण्याच्या लायकीचा समजत नाही, याचा मला खरा राग येतो.

बाकीच्या यादीचं कायद्यानेच पानिपत होणार होतं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतासारख्या देशांतून युरोपियन युनियनमध्ये प्रवाशांना नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात. मोरपिसांची निर्यात आपल्याच सरकारने बंद केलेली आहे. आणि शिवराई! इतिहासाची शिक्षिका म्हणून ते वाचून मी अक्षरशः उभी राहिले. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं देशाबाहेर न्यायला बंदी आहे. ज्या गावात शिवाजी महाराजांच्या आजोबांची गढी आहे, त्या गावातून महाराजांचं नाणं तस्करीच्या मालासारखं बाहेर जाणार, तेही एका शाळकरी पोरीच्या बॅगेतून, आणि अडकली तर अडकणार ती. जावयांनी नाणं परत देव्हाऱ्यात ठेवलं, हे त्यांच्या बाजूने नमूद करते.

(ज्यांची मुलं ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जात असतील त्यांना एक सूचना. तिकडे तपासणी आणखी कडक आहे. खाण्याच्या वस्तू, लाकडी वस्तू, बिया, सगळं कागदावर आधी सांगावं लागतं. लपवलं तर दंड होतो. सागरगोटे देऊ नका, ते बी आहे.)

वजनाचा हिशेबही कुणी केला नव्हता. बहुतेक विमानांत तेवीस किलोची बॅग. मुलीला वर्षभराचे कपडे न्यायचे आहेत, थंडीचे. तीन घरांसाठी तीन-तीन गणपती घातले तर पोरीने स्वेटर काय गणपतीच्या अंगावरचे घालायचे?

आता कुणीतरी म्हणेल, रिकाम्या हाताने जावं का मग? अजिबात नाही. रिकाम्या हाताने जाऊ नये हे माझ्याही आईने शिकवलं. पण आपल्याकडे पूर्वी पाहुणा काय आणायचा ते आठवा. भुईमुगाच्या ओल्या शेंगा, हुरडा, गुळाची ढेप, परसातली चार वांगी. म्हणजे जे आपल्या शेतात, घरात पिकलं ते. मॉलमधून आणलेलं खोकं हा आहेर झाला, तो मानपानाचा. पाहुण्याच्या हातातली पिशवी वेगळी असते. पिशवी उघडल्यावर बोलणं सुरू होतं. आहेर उघडल्यावर किंमत ओळखली जाते आणि बोलणं संपतं.

यावर मला नेहमी आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी अमेरिकेला गेली आणि पहिल्यांदा उतरली ती न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, कार्पेंटर कुटुंबाकडे. नात्यागोत्याचे कुणी नाहीत, धर्माचे नाहीत. ओळख कशी झाली? गोपाळरावांचं एका मिशनरी मासिकात छापलेलं पत्र श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आलं आणि त्यांनी आपणहून लिहिलं. मग तीनेक वर्षं आनंदीबाई आणि त्या बाई एकमेकींना पत्रं लिहीत होत्या. बोटीने जाणारी पत्रं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. म्हणजे रोझेलच्या घराचं दार उघडलं तेव्हा आत जाणारी मुलगी आणि दारातली बाई एकमेकींना आधीच ओळखत होत्या. १८८७ च्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी नंतर त्या मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. दगड अजून तिथे आहे. पैठणीने असं नातं जुळत नाही हो. पत्राने जुळलं.

म्हणून आमच्याकडे मी पहिला हट्ट धरला तो पत्राचा. पोरीने स्वतः लिहायचं, आईबापांनी मजकूर सांगायचा नाही. तिने लिहिलं. चार दिवसांत उत्तर आलं. घरात आई, वडील, दहा वर्षांचा मुलगा. आजी नाहीत. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी. (चिक्की आणि शेंगदाण्याची चटणी "हलकंफुलकं" म्हणून यादीत नंतर घातली होती, ती गेली. विचार करा, न विचारता नेली असती तर!) आणि एक वाक्य असं होतं की रविवारी संध्याकाळी आम्ही सगळे मिळून बैठे खेळ खेळतो.

झालं, पोरीचं पोरीने ठरवलं. "आजी, मी सारीपाट नेते."

मला आधी समजेना. मग तिनेच शोधून दाखवलं. जर्मनीत घरोघरी खेळला जाणारा एक खेळ आहे, त्याच्या नावाचा अर्थ "माणसा, चिडू नकोस". १९१४ पासून तो बाजारात आहे. चार रंगांच्या सोंगट्या, फासा, दुसऱ्याची सोंगटी मारून परत घरी पाठवायची. म्हणजे आपली पचिशीच. पचिशीवरून इंग्लंडात १८९६ साली ल्युडोचं पेटंट घेतलं गेलं, आणि तिकडच्या त्या खेळाचं मूळही आपल्या पचिशीतच. दहा वर्षांच्या त्या मुलाला जेव्हा कळेल की त्याच्या रविवारच्या खेळाची पणजी कवड्या घेऊन दारात आली आहे, तेव्हा काय होईल सांगा बरं! ताजमहालाकडे तो दोनदा बघेल, दिवा लावून विझवून. पट तो वर्षभर मांडेल.

पट तिने स्वतः शिवला. आजीच्या जुन्या खणाच्या चोळीचं कापड, वर पांढऱ्या दोऱ्याने घरं. शिलाई वाकडी आहे. भाचीचं म्हणणं होतं की पुण्याहून तयार आणू, छान फिनिशिंगचा मिळतो. मी म्हटलं, वाकडीच राहू दे. सोंगट्या इंदापूरच्या आठवडे बाजारातून, कवड्या माझ्याकडच्या. सगळं मिळून अर्धा किलोसुद्धा नाही. सोबत थालीपिठाची भाजणी आणि ती कशी लावायची ते तिच्या अक्षरात, वाटीच्या मापाऐवजी ग्रॅममध्ये, कारण त्यांची वाटी आणि आपली वाटी एक नाही. हे तिला आधी स्वतः करता यायला हवं म्हणून तीन रविवार आमच्याकडे थालीपिठं झाली. पहिल्या रविवारची कुत्र्यानेही खाल्ली नाहीत. :)

दुसऱ्या आणि तिसऱ्या घरासाठी आत्ता काहीच घ्यायचं नाही. ती माणसं कळली की ती तिथूनच काय ते करेल. दिवाळीत आकाशकंदील करायला पतंगाचा कागद घेतला आहे, त्याला वजनच नाही.

इथपर्यंत सगळ्यांनी मान डोलावली. भांडण झालं ते यापुढे.

जावई म्हणाले, "मावशी, तुमचं पटतं. पण वर्षभर ते आपल्या मुलीला सांभाळणार. अर्धा किलो कापडात फिटतं का ते?" मी म्हटलं, नाही फिटत. पन्नास हजारांतही फिटत नाही. वर्षभर दुसऱ्याच्या मुलाला वेळेवर उठवणं, डबा देणं, तापात रात्री जागणं याची किंमत बाजारात मिळत नाही, म्हणून तर ते लोक पैसे घेत नाहीत. पण फेडायचा रस्ता आहे, आणि तो योजनेच्या नावातच आहे. एक्स्चेंज. अदलाबदल. आपलं मूल तिकडे, कुणाचं तरी मूल इकडे. जे पाठवतात त्यांनी कुणाला तरी ठेवून घ्यावं अशी अपेक्षा असते. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत ना? तसंच हे.

यावर जी कारणं ऐकली ती लिहून ठेवते. आमच्याकडे मांसाहार चालत नाही. त्याला आपलं तिखट सोसणार नाही. पाहुणारावळा असतो घरात. आमची धाकटी वयात आलीय, परका मुलगा कसा ठेवायचा. (तुमची थोरली तिकडे परक्याच घरात चालली आहे, त्यांनाही तिथे मुलगा आहे, लहान का असेना.) संडास भारतीय पद्धतीचा आहे. यंदा बांधकाम काढलंय. आणि एकाने तर, "बाई, आम्ही हवी तर देणगी देतो, पण घरात नको." देणगी देतो! हे पुन्हा तेच, मानाचं पाकीट देऊन मोकळं व्हायचं. आपलं मूल दुसऱ्याच्या ताटात जेवलेलं चालतं, दुसऱ्याचं मूल आपल्या ताटात नको. उसाच्या आणि डाळिंबाच्या पैशांवर दोन-दोन मजली घरं झाली, वरच्या खोल्यांना कुलपं आहेत, आणि एका पोराला जागा नाही. बटाईदाराच्या एका खोलीत ऐन दुष्काळात चार पाहुणे राहिलेले मी पाहिलेत.

जैन घरांत, वारकरी घरांत राहून वर्षभर भाकरी खाऊन गेलेली परदेशी मुलंही आहेत. मुलं सगळं शिकतात. अडतो ते आपण. नियमही सैल नाहीत. ठेवून घेण्याआधी घर पाहून जातात, घरातल्या मोठ्या माणसांची चौकशी करतात. करायलाच हवी. आपण आपल्या मुलीसाठी हीच अपेक्षा ठेवतो.

तुम्ही म्हणाल, बोलणं सोपं आहे, बाई, तुम्ही का नाही ठेवत? ठेवतो आहोत. फ्रान्सहून एक मुलगा येतो आहे सप्टेंबरमध्ये. पहिले तीन-चार महिने तो बारामतीत माझ्या मुलाकडे, म्हणजे आमच्याकडेच. वरची खोली रंगवून घेतली. सूनबाई फ्रेंच शिकते आहे मोबाइलवर, मला "बोंझूर" येतं. तिसरं घर एका माजी विद्यार्थ्याने कबूल केलं आहे, त्याचा गोठा आहे, त्या पोराला मजा येईल. मधलं घर, डिसेंबर ते मार्च, इंदापुरात हवं आहे, आणि ते अजून ठरलेलं नाही. जावई विचार करून सांगतो म्हणालेत. त्यांना आठ दिवस झाले. दुसऱ्या कुणाची खोली रिकामी असेल तर मला फोन करा, नंबर तुमच्याकडे आहेच. दुपारी दोन ते चार सोडून, मी झोपलेली असते.